अँटीबॉडी किती आल्या?

"मॅडम, टीएसएच आटोक्यात आहे म्हणतात, पण अँटीबॉडी अजून तेवढ्याच, त्या कमी कशा करायच्या?" हा प्रश्न मला थायरॉइडचा आजार असलेल्या इतक्या जणींनी विचारलाय की आता एकदाचं लिहूनच टाकते. (टीएसएच हे रक्तातलं एक माप, थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की ते वाढतं.) मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. आयुष्यभर सोबत राहणारे आजार ज्यांना आहेत त्यांच्याशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे कुठली गोळी किती घ्यायची हे माझ्या हातात नाही, पण या प्रश्नाच्या मागे काय काय दडलेलं असतं ते मात्र बऱ्यापैकी बघितलंय. एक केस सांगते, तिला विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

पस्तिशीच्या आसपासची बाई. हाशिमोटो, म्हणजे आपलीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटते तो आजार, आहे हे दीड वर्षापूर्वी कळलेलं. पहिल्या भेटीत नीट बसायच्या आधीच तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यात एक शीट होती, तारीख, अँटी टीपीओचा, म्हणजे या आजारातल्या अँटीबॉडीचा, आकडा आणि शेवटचा रकाना 'काय चुकलं'. ४८० पुढे रिकामं. ३१२ पुढे 'ग्लुटेन बंद केलं, छान' (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन). ५७५ पुढे 'दोन दिवस बाहेरचं खाल्लं'. आणि सगळ्यात खाली लाल रंगात १०४०, त्याच्यापुढे नुसतं 'मी'.

ते 'मी' बघून मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "आकड्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका." तिने मान हलवली, फोन पर्समध्ये टाकला आणि पुढच्या दोन अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या. बरोबरच केलं. दीड वर्ष ज्या गोष्टीसाठी माणूस मर मर मरतोय ती सोडून द्या असं पहिल्या दहा मिनिटांत सांगायचं नसतं, हे मला माहीत होतं, तरी तोंडातून गेलं.

महिन्याने ती परत आली. यावेळी मी गप्प बसले आणि तिलाच शीट समजावून द्यायला लावली. समजावता समजावता मी रिपोर्टचे फोटो बघत होते. पहिल्या तिन्हींवर नॉर्मलची मर्यादा ३४, चौथ्यावर ६०. म्हटलं हे असं का? तर चौथी टेस्ट दुसऱ्या लॅबमध्ये केलेली. लॅब बदलली की किट बदलतं आणि अँटीबॉडीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे ही दोन वेगळ्या मीटरांची रीडिंग एकाखाली एक लिहून स्वतःला शिव्या घालत बसली होती. ५७५ चे खरंच १०४० झाले की नाही हे त्या कागदावरून कळायला मार्गच नव्हता.

इथे थोडं आजाराबद्दल, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टीपीओ हे थायरॉइडच्या पेशींमधलं एक एन्झाइम, हार्मोन बनवताना आयोडीन जोडायचं काम ते करतं. आपलीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटते तेव्हा या एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी रक्तात सापडतात. पण ग्रंथीची मोडतोड मुख्यतः पांढऱ्या पेशी करतात, टीपीओ अँटीबॉडी म्हणजे तिथे भांडण चालू आहे याची खूण. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी १९१२ मध्ये चार बायकांच्या थायरॉइडमध्ये या पेशींची गर्दी बघून आजाराचं वर्णन केलं, थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या त्या थेट १९५६ मध्ये. म्हणून डॉक्टर ही टेस्ट सहसा निदानापुरती करतात, गोळीचा डोस टीएसएच बघून ठरवतात आणि अँटीबॉडी परत परत करायला सांगत नाहीत. पेशंटला मात्र वाटतं की डॉक्टर दुर्लक्ष करतायत, आणि खरं सांगायचं तर 'गरज नाही' एवढंच बोलून पुढचा पेशंट बोलावला की कुणालाही तसंच वाटेल.

तिसऱ्या भेटीत मी तिला तिची सकाळ सांगायला लावली, उठल्यापासून. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, बरोब्बर सहाला. वा! मग? मग त्याच पाण्याबरोबर बाकीच्या. बाकीच्या म्हणजे? तिने पर्समधून डबी काढली, सात खणांची, एकेका वारात सहा गोळ्या. लोह, कॅल्शियम, सेलेनियम, एक मल्टिव्हिटॅमिन ज्यात परत सेलेनियम, केसांसाठी बायोटिन. थायरॉइडच्या गोळीसकट सगळं एका दमात गिळून मोकळी, कारण 'दिवसभरात परत आठवण राहत नाही हो'.

आता लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटात धरून ठेवतात, ती नीट शोषली जात नाही, त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. हे मला माहीत आहे कारण हीच गोष्ट मी पेशंटकडून वारंवार ऐकते. मी विचारलं शेवटचं टीएसएच किती होतं? तिला आठवेना. अँटीबॉडीचे चार आकडे तोंडपाठ आणि टीएसएच शोधायला फाइल उघडावी लागली. ७.८ निघालं. डॉक्टरांनी बोलावलं होतं, ही गेलीच नव्हती, कारण तिथे अँटीबॉडीबद्दल कुणी बोलत नाही.

तेव्हा मी तिला विचारलं, समजा उद्या रिपोर्ट आला आणि आकडा नॉर्मल, तर परवा तुम्ही काय कराल? ती बराच वेळ डबीचं झाकण उघडबंद करत राहिली. मग म्हणाली, "परत चान्स घेईन."

निदानाच्या आधी तिचं मिसकॅरेज झालं होतं. नंतर कुणीतरी नात्यातल्याच बाईने सांगितलं की अँटीबॉडीमुळेच झालं असणार, तू त्या उतरवल्याशिवाय विचारसुद्धा करू नकोस. मग ते 'मी' मला नीट वाचता आलं.

तिला मी खोटा धीर दिला नाही. टीपीओ अँटीबॉडी असलेल्या बायकांमध्ये मिसकॅरेजचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं आहे. पण तिच्या बाबतीत तेच कारण होतं असं कुणीही सांगू शकत नाही, आणि आकडा खाली आणला की धोका जातो असं सिद्ध झालेलं नाही. सेलेनियमने काही जणींचा आकडा उतरतो, पण त्याने बरं वाटतं किंवा गोळी सुटते असं ठाम दिसलेलं नाही, उलट जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात, म्हणजे ज्याला ती थायरॉइडची लक्षणं समजून घाबरत होती तेच. ग्लुटेनचं म्हणाल तर सिलिअ‍ॅक आजार, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो, असेल तर बंद करावंच लागतं, आणि थायरॉइडवाल्यांमध्ये तो थोडा जास्त आढळतो म्हणून टेस्ट करायला हरकत नाही, फक्त ती ग्लुटेन खात असतानाच करायची. हिने टेस्टच्या आधीच बंद केलेलं, आता काय!

पण टीएसएच? गरोदरपणाच्या आधी ते साधारण २.५ च्या खाली असावं असं डॉक्टर बघतात, आणि गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहिल्या राहिल्या डोस वाढवावा लागतो. म्हणजे तिच्या हातात खरोखर असलेली गोष्ट हीच होती आणि अँटीबॉडी उतरवायच्या नादात नेमकी तीच बिघडत होती. हे मी बोलून दाखवलं नाही, तिचं तिनेच जुळवलं आणि रडली. मी टिश्यूचा बॉक्स सरकवला आणि गप्प बसले, एवढं मला जमलं.

आम्ही दोघींनी मिळून डॉक्टरांसाठी कागद तयार केला. वर डबीतल्या सगळ्या गोळ्या डोससकट, बायोटिनला खूण करून, कारण त्याने थायरॉइडच्या टेस्टचे आकडेच चुकीचे येऊ शकतात, टेस्टच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. खाली एकच प्रश्न: मला बाळ हवंय, त्यासाठी काय करायचं? तिने दीड वर्षात हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच नव्हता! डॉक्टरांनी अर्ध्या गोळ्या बंद केल्या, लोह आणि कॅल्शियम संध्याकाळवर ढकललं, थायरॉइडचा डोस आहे तोच ठेवला. सात आठवड्यांनी टीएसएच २.१.

त्यानंतरही आम्ही भेटत राहिलो, कारण मिसकॅरेजचं बोलायचं सगळं बाकीच होतं, ते काही टीएसएचबरोबर उतरत नाही. एकदा आली आणि जीभ चावत म्हणाली, "मॅडम, रागवू नका, मी गुपचूप अँटीबॉडी केल्या. जुन्याच लॅबमध्ये."

"किती?"

"५९०."

"मग?"

"मग काय, रिपोर्ट बघितला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी आठवलं की शीटमध्ये लिहायचं राहिलं."