साडेतीन लाखांसाठी एफडी मोडू का?

नाशिकच्या इंदिरानगरहून एका ताईंनी लिहिलंय. लग्नाला १३ वर्षं झाली, आयव्हीएफ दोनदा करून झालं, यश नाही. यजमान अंबडच्या कारखान्यात, हातात ६२ हजार येतात. ताईंचं शिवणकामाचं दुकान, खर्च जाऊन १८ हजार सुटतात. एफडी ९ लाखांची. टाकून दिलेल्या एका नवजात मुलीची बातमी वाचून दोघं चौकशी करत फिरले, तेव्हा एका खासगी दवाखान्यातला माणूस म्हणाला, "साडेतीन लाख द्या, बाळ मिळवून देतो, जन्मदाखल्यावर थेट तुमचंच नाव." नाहीतर रीतसर दत्तक घ्यायचं, तीनेक वर्षं थांबायचं, आणि गृहभेटीला येणाऱ्या समाजसेविका बाईंवर छाप पडावी म्हणून एफडी घालून पाथर्डी फाट्याला मोठा फ्लॅट घ्यायचा. दोन्हींपैकी काय करू, असा प्रश्न आहे.

ताई, दोन्हींसाठी एफडी मोडू नका.

त्या माणसाचं आधी संपवू. मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्ही बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख दंड. दवाखान्यातल्याच माणसाच्या ताब्यात मूल असेल तर त्याला ३ ते ७ वर्षं. कायदा बाजूला ठेवला तरी हा व्यवहार साडेतीन लाखांत मिटत नाही. खोट्या दाखल्याची खबर ज्याच्याकडे आहे तो पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभा राहू शकतो, आणि तुम्हाला तक्रार करायला तोंड नाही. पकडलं गेलं तर मूलही जातं. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवा, एवढंच म्हणेन.

बातमीतली मुलगीसुद्धा अशी कुणाला उचलून देत नाहीत. ती बाल कल्याण समितीपुढे जाते, आईवडिलांचा शोध घेतात, दोन वर्षांखालच्या बाळासाठी त्याला दोन महिने दिलेले आहेत. आईने स्वतःहून सोपवलं असेल तर तिलाही ६० दिवस फेरविचाराला मिळतात. मग बाळ दत्तकासाठी मोकळं, आणि तेही यादीतल्या क्रमाने.

आता खरा हिशेब. तुम्ही पत्रात वयं सहज लिहून टाकलीत, यजमान ४४, तुम्ही ४०. मिळून ८४. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर जोडप्याच्या वयाची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, आणि ती नोंदणीच्या दिवशीची धरतात. बेरीज दर वर्षी दोनाने वाढते. पुढच्या वर्षी ती ८६ होईल, मग दोन ते चार वर्षांच्या गटात जावं लागेल. त्या गटात काही वाईट नाही, पण निवड तुमची असावी, आळसाने झालेली नको. फ्लॅटचा विचार करण्यात हे वर्ष गेलं तर ते कुठल्याही व्याजदराने परत मिळणार नाही. या आठवड्यात काराच्या (दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) पोर्टलवर नाव घाला. अडलं तर घारपुरे घाटावरच्या आधाराश्रम या दत्तक संस्थेत जाऊन विचारा. सरकारने ठरवलेलं शुल्क हजारांत आहे, पावतीसकट.

स्वतःच्या मालकीचं घर ही अट नाही. गृहभेटीत बघतात ते उत्पन्न, तब्येत, घरातली माणसं काय म्हणतात ते. महिना ८० हजार येणाऱ्या घरात ३० हजारांचा हप्ता बसवून तुम्ही नेमकं उत्पन्नच कमजोर दाखवाल. (सासूबाईंचं मत काय, ते पत्रात नाही. बाई विचारतील.)

९ लाखांचं असं करा. दुकान तुमचं, भरपगारी रजा देणारं कुणी नाही. बाळ आल्यावर निदान सहा महिने शटर अर्धं राहील, तरी सहा महिन्यांची पूर्ण कमाई धरून एक लाख आठ हजार बचत खात्यात बाजूला. बाळाचा वैद्यकीय अहवाल आला की आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवायला पैसे लागतील, तेही त्यातूनच. बाकीची एफडी तशीच. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मूल घरी आल्या दिवसापासून धरतात की दत्तक आदेशानंतर, हे यजमानांनी एचआरकडून लेखी घ्यावं.

मोठा खड्डा पुढे आहे. यजमान ४७ चे असताना बाळ आलं तर ते ५८ ला निवृत्त होतील तेव्हा मूल अकरा वर्षांचं. कॉलेजचा सगळा खर्च पगार थांबल्यावर. आजपासून महिना १० हजारांची एसआयपी १४ वर्षं चालली आणि १० टक्के सुटले, तर साधारण ३६ लाख होतात. टक्क्यांची हमी नाही, म्हणून टर्म इन्शुरन्स आधी, एसआयपी मग. मुलगी आली तर सुकन्या खातंही उघडता येईल.

शेवटी तुम्ही विचारलंय, तोवर फॉस्टर केअरखाली, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळायला, मूल घरी आणावं का. ते तान्ह्यांसाठी नसतं, मुलं साधारण सहाच्या पुढची असतात. सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४ हजार मिळतात, त्यावर घर चालत नाही. मूल कायद्याने मोकळं असेल तर दोन वर्षांनी दत्तक मागता येतं, पण ते आपल्या घरी परतही जाऊ शकतं. तान्ह्या बाळाची वाट बघतानाचा विरंगुळा म्हणून तर मुळीच नको. सात-आठ वर्षांचं मूल तुम्हाला मनापासून हवं असेल तर ती चौकशी वेगळी करा. फ्लॅटचं टोकन दिलं असेल तर ते मात्र आजच परत मागा.