पहिल्यांदा भारताकडून खेळायला निघालीस, तर एवढं ऐक

निवड झाली, मनापासून अभिनंदन! आता कोच सांगणार नाहीत त्या गोष्टी.

इन्स्टा बंद कर असं मी म्हणणार नाही. स्पॉन्सर हल्ली आधी फॉलोअर्स बघतात, मग मेडल. चीड येते, पण आहे हे असं आहे. फक्त स्पर्धेपुरता पासवर्ड ताईकडे देऊन टाक. पोस्ट तिने टाकायच्या, कॉमेंट तू वाचायच्या नाहीत, अगदी कौतुकाच्यासुद्धा. क्वालिफिकेशन आणि फायनलच्या मधे फोन हातात आला की डोकं भलतीकडे गेलंच म्हणून समज.

शिव्या पडतातच. २०२५ मध्ये नीरज चोप्राने पाकिस्तानच्या भालाफेकपटू अर्शद नदीमला भारतातल्या स्पर्धेचं आमंत्रण दिलं, तेही पहलगामच्या हल्ल्याआधी. तरी लोकांनी नीरजच्या घरच्यांनाही सोडलं नाही. ऑलिम्पिक सुवर्णविजेत्याची ही गत, तिथे आपण कोण? त्याने निवेदन देऊन बाजू मांडली. तूही उत्तर द्यायचंच झालं तर एकदाच दे, एकेकाशी हुज्जत घालत बसू नकोस.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. ‘कोलॅब करूया का?’ म्हणत प्रोटीनचा डबा फुकट पाठवणारे डीएममध्ये येतील. फोटोपुरताही एक घोट घेऊ नकोस. डोपिंग चाचणीच्या नमुन्यात बंदी असलेलं काही सापडलं, तर वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांनुसार जबाबदारी खेळाडूचीच. ‘लेबलवर लिहिलेलं नव्हतं’ म्हणून कुणी सोडत नाही. फेडरेशनच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीच पोटात जाता कामा नये.

आणि हो, गळ्यातल्या अ‍ॅक्रेडिटेशन कार्डचा फोटो टाकू नकोस. उत्साहाच्या भरात त्यावरचा कोड झाकायचा राहतोच.