रूट कॅनाल झालेला दात, ब्लीचिंग आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’

प्रश्न : मी नेरूळला राहते. लहानपणी पडल्यामुळे मार लागलेल्या समोरच्या दाताचे काही वर्षांपूर्वी रूट कॅनाल झाले आणि पुढे तो काळपट पडला. वाशीतील एका दवाखान्याने ‘आतून ब्लीचिंग करून दात पांढरा करून देऊ, शंभर टक्के गॅरंटी’ असे व्हॉट्सॲपवर लिहिले व १८,००० रुपये घेतले. दात उजळला, पण वर्षभरात पुन्हा काळवंडला. आता ठाण्यातील दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून दाताचे मूळ हिरडीजवळ पोखरले गेल्याचे सांगितले. दवाखाना म्हणतो, हा जुन्या माराचा परिणाम आहे आणि तुम्ही संमतीपत्रावर सही केली आहे. ब्लीचिंगला पावणेदोन वर्षे झाली. मला दाद मागता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत निकडीची बाब शेवटी आली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. मूळ पोखरल्याचे तुम्हाला आत्ता कळले, त्यामुळे मुदत तेव्हापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येईल. परंतु हाताशी तीन महिने असताना त्यावर विसंबून राहू नये. वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण तो करताना विरुद्ध पक्षाच्या हाती पहिला मुद्दा आपणच देतो.

आता तक्रार नेमकी कशाची करायची ते पाहू. रूट कॅनालनंतर दात काळवंडणे हा काही निष्काळजीपणाचा पुरावा नव्हे. आत राहिलेला रक्ताचा वा मृत ऊतींचा अंश, तसेच भरण्यासाठी वापरलेली काही द्रव्ये यांमुळे हा रंग चढतो, आणि ब्लीचिंगनंतर तो काही काळाने परत येऊ शकतो. ‘जेकब मॅथ्यू’ निकालात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अपेक्षित परिणाम मिळाला नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या व्यवसायातील सामान्य कुशल व्यक्तीने जी काळजी घेतली असती ती त्याने घेतली का, हा खरा प्रश्न असतो. म्हणून ‘दात पुन्हा काळा झाला’ एवढ्या एका वाक्यावर तक्रार उभी केलीत तर ती बहुधा टिकणार नाही.

टिकेल तो मुद्दा मुळाचा आहे. आतून ब्लीचिंग करण्याच्या पद्धतीत दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेटसारखे द्रव्य भरून वरून तात्पुरते सिमेंट लावतात आणि काही दिवसांच्या अंतराने ते बदलतात. तत्पूर्वी मुळातील गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ) हिरडीच्या पातळीखाली काढून त्यावर सुमारे २ मिलिमीटर जाडीचा, साधारणपणे ग्लास आयोनोमर या दंत सिमेंटचा, थर द्यावा लागतो, जेणेकरून द्रव्य झिरपून मुळाच्या बाहेरील बाजूस पोहोचणार नाही. दाताच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीजवळ, मूळ पोखरले जाणे हा या उपचाराचा ज्ञात धोका आहे. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड उष्णतेसह वापरल्यास तो वाढतो, आणि दाताला पूर्वी मार लागलेला असल्यासही वाढतो. त्यामुळे दवाखान्याचा बचाव अगदी निराधार नाही, हे तुम्ही मनाशी ठेवावे. परंतु तोच बचाव त्यांच्यावर उलटतोही. जुना मार त्यांना ठाऊक होता, तर थर देण्याची आणि धोका आधी सांगण्याची जबाबदारी अधिकच वाढत होती. आणि ठाऊक नव्हता, तर ब्लीचिंगपूर्वी त्यांनी तुमचा पूर्वेतिहास विचारलाच नाही, असे होते.

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या नोंदींमध्ये आहे, म्हणून नोटिशीच्या आधी नोंदी हातात घ्या. दंतवैद्यकांच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. केस पेपर, ब्लीचिंगपूर्वीचे व नंतरचे एक्स-रे, वापरलेल्या द्रव्याचे नाव व तीव्रता, प्रत्येक भेटीची तारीख, संमतीपत्राची प्रत आणि बिल, असे नावानिशी लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. थर दिला असेल तर नंतरच्या एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसेल. नोंदी दिल्याच नाहीत, तर त्यावरून प्रतिकूल निष्कर्ष काढावा, अशी विनंती ग्राहक आयोगाला करता येते.

संमतीपत्राने घाबरून जाण्याचे कारण नाही. ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ (२००८) या निकालाप्रमाणे उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यानंतरची संमती हीच खरी संमती. तुमच्या कागदावर मूळ पोखरण्याचा उल्लेख नसेल, किंवा व्हिनिअर (दातावर चिकटवायचे पातळ आवरण) वा कॅप हे पर्याय तुम्हाला सांगितलेच नसतील, तर त्या सहीचे बळ बरेच कमी होते. आणि सहीमुळे निष्काळजीपणा माफ होत नाहीच. ‘गॅरंटी’चा संदेश अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्वतंत्रपणे मांडता येईल. तो फोनमध्ये जसाच्या तसा राहू द्या, फोन बदलू नका आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सोबत जोडा.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत बंधनकारक नाही, असे ‘व्ही. किशन राव’ निकाल (२०१०) सांगतो. तरीही येथे कारणाचाच वाद असल्याने रूट कॅनालतज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे. मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासणी करून घेतल्यास त्या मताला वजन येते. मात्र खटल्यासाठी दाताचे उपचार लांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. उपचारांपूर्वी तारखेसह फोटो आणि नवा एक्स-रे काढून ठेवा. दात काढावाच लागला तर तो जपून ठेवायला सांगा.

तक्रार तुम्ही राहता त्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. नवी मुंबईकरांसाठी तो बेलापूरच्या कोकण भवनात आहे. तुम्ही दवाखान्याला दिलेला मोबदला ५ लाखांपेक्षा कमी असल्याने शुल्क लागत नाही. भरलेली रक्कम, पुढील उपचारांचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागावा. आकडा फुगवल्याने तक्रारीचे गांभीर्य कमी होते. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे शिस्तभंगाची तक्रार वेगळी करता येईल, पण तेथून भरपाई मिळत नाही. पोलिसांकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

नोंदी मिळाल्यावर, अथवा त्या नाकारल्यावर, १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवा आणि उत्तर आले नाही तरी सोळाव्या दिवशी तक्रार दाखल करा.