फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकू नकोस

लेकरा, गाडीच्या अँप्लिफायरचा फ्यूज उडाला किंवा दोष दाखवणारा लाल दिवा लागला की तू लगेच मोठा फ्यूज टाकतोस, नाहीतर झाकण उघडतोस. आधी स्पीकरच्या आणि आरसीएच्या (टेपकडून आवाज आणणाऱ्या) वायरी काढ, मग चालू कर. लाल दिवा गेला तर दोष बाहेर आहे, बहुतेक स्पीकरची कॉइल जळालेली किंवा वायर पत्र्याला टेकलेली. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला असतो, तिथला रंग खरवडून बघ.

तरीही लाल राहिला तर बोर्ड काढ. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेव. पॉवर सप्लायचे मॉसफेट म्हणजे करंट चालू-बंद करणारे तीन पायांचे भाग; पाय ड्रेन, सोर्स आणि गेट. ड्रेनला मीटरची काळी वायर, सोर्सला लाल लाव. चांगला असेल तर ०.४ ते ०.६ व्होल्ट दाखवतो, गेलेला शून्याजवळ. पण एका ओळीतले सगळे समांतर जोडलेले असतात, एक गेला की सगळेच शॉर्ट दिसतात. म्हणून पाय सुटे करून एकेक तपास. बदलताना अख्खी ओळ एकाच नंबरची घाल, गेटचे रेझिस्टरही मोज. ते मी एकदा मोजले नव्हते, नवे मॉसफेट दोन मिनिटांत गेले.

पहिल्यांदा चालू करताना प्लसच्या वायरीत हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये लाव. क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, झगझगीत जळत राहिला तर शॉर्ट अजून आहे, लगेच बंद कर.

मॉसफेट आणि हीटसिंकच्या मधला मायका (वीज अडवणारा पातळ पत्रा) आणि उष्णता वाहून नेणारी हीटसिंक पेस्ट विसरू नकोस. आपल्या लातूर-परभणीच्या मे महिन्यात सीटखालच्या अँप्लिफायरला वारा मिळत नाही. गिऱ्हाइकाला तेही सांग.