बर्फ वितळला की साठ भरतंय

प्रश्न असा आहे: 'बदली होऊन नुकताच कोल्हापुरात आलोय. ऑफिस सुटल्यावर तासभर निवांत बसता येईल असा बार सांगा. इथल्या बारमधलं ड्रिंक, जेवण, सर्व्हिस यांचा तुमचा अनुभव कसा आहे?'

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. पुण्याहून, बंगळूरहून कास्टिंग बघायला येणाऱ्या साहेब लोकांना संध्याकाळी कुठंतरी 'बसवायचं' काम बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळं कावळा नाका, स्टेशन रोड, लक्ष्मीपुरी, रंकाळ्याची बाजू असं सगळीकडं बसून झालंय. पण कंपनीच्या पैशानं बसलं की सगळेच बार चांगले वाटतात, हेही सांगतो. खालचा अनुभव स्वतःच्या खिशातून बिल भरलेल्या दिवसांचा आहे.

बारचं नाव मी देणार नाही. मागं एकदा पाहुण्याला असंच नाव सांगितलं होतं. तो हौसेनं गेला, तर आचारी महिन्यापूर्वीच हायवेवरच्या ढाब्यावर निघून गेला होता. पाटी तीच, लाइट तेच, ताटात मात्र भलतंच. पाहुणा अजून ते बोलून दाखवतो.

ड्रिंकचं म्हणाल तर दारू सगळीकडं तीच. कंपनीनं बाटलीत भरली तीच तुमच्या टेबलावर येते, त्यात बारवाल्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. त्याच्या हातात असतं माप, बर्फ, पाणी आणि रेट. यातल्या मापाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दिवसभर गेज आणि व्हर्नियर हातात असलेल्या माणसाला तिथं गप्प बसवत नाही.

एका बारमध्ये (शहरातच, गर्दीचा आहे) लार्ज पेग मला कायम हलका वाटायचा. लार्ज म्हणजे 60 मिली. आमच्या सँड लॅबमधला (तिथं साच्याची वाळू तपासतात) पोरगा म्हणाला, 'सर, मनात कशाला ठेवायचं, मोजूनच टाकू.' दुसऱ्या दिवशी तो स्टोअरमधून 100 मिलीचा कोरा मेजरिंग सिलिंडर घेऊन आला, खोक्यासकट. संध्याकाळी दोन लार्ज मागवले, बर्फ नको, पाणी नको. वेटर पाठमोरा झाल्यावर पहिला पेग सिलिंडरमध्ये ओतला. 52. दुसरा ओतला. 54. शेजारच्या टेबलावरचे चौघे खुर्च्या सरकवून बघायला आले. त्यातला एक म्हणाला, 'आमचाबी मोजा की.' त्याचा 51 भरला.

मग मॅनेजर आला. चिडला नाही, हे विशेष. सिलिंडर हातात घेऊन उजेडाला धरला, नीट बघितलं आणि म्हणाला, 'सायेब, हे बर्फाबिगर मोजलंय तुम्ही. बर्फ वितळला की साठ भरतंय.'

यावर काय बोलणार? आम्ही हसतच बाहेर पडलो. पण घरी येऊन हिशेब केला. 750 च्या बाटलीत साठचे साडेबारा पेग बसतात. 52 नं ओतलं तर चौदाच्या वर जातात. म्हणजे बाटलीमागं दोन पेग फुकट. युक्ती साधी असते: पेग मेजर तिरका धरायचा आणि काठापर्यंत भरायच्या आत उलटा करायचा. खरं तर त्या मापावर वैधमापन खात्याचा शिक्का असायला हवा आणि ते तुमच्यासमोर भरायला हवं. काउंटरच्या आड भरून आणलेल्या ग्लासाबद्दल वाद घालून उपयोग नाही.

म्हणून माझा नियम: लार्ज मागवायचाच नाही, सीलबंद क्वार्टर मागवायची. 180 मिली, म्हणजे साठचे तीन. सील टेबलावर आपल्या डोळ्यांदेखत तुटतं, त्यामुळं मापाचा प्रश्न मिटतो आणि आत काय आहे त्याचाही. आपल्या जिल्ह्यापासून गोवा लांब नाही. चोरून आलेल्या गोवा मेड बाटल्या पकडल्याची बातमी पेपरात सारखी असते, तेव्हा उघड्या बाटलीतलं न घेतलेलं बरं. बिअरला ही भानगड नाही. तिथं फक्त बाटली हातात घेऊन गार आहे का ते बघा. 'आत्ताच फ्रिजमधनं काढलीय' असं वेटर न विचारता म्हणाला, तर ती हमखास कोमट असते.

रेट वाईन शॉपच्या दीडपट-दुप्पट धरून चला. 2025 च्या जूनमध्ये सरकारनं भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं (व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. दुकानातच त्याच्या 180 मिलीची किमान किंमत 205 रुपये झाली. बारवाल्यांनी त्याविरोधात 14 जुलैला राज्यभर बंद पाळला. त्या संध्याकाळी आमच्या कंपनीत एक ऑडिटर आला होता, त्याला सोळंकीचं आइस्क्रीम खायला घालून परत पाठवला. (खूश होता. पुढच्या वेळी त्यानं आधी आइस्क्रीमचंच विचारलं.)

बिल वाचायला शिका. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. परमिट रूममध्ये तो आधी 5 टक्के होता, 2023 च्या नोव्हेंबरपासून 10 झाला. जीएसटी फक्त जेवणावर, 5 टक्के. एका ठिकाणी माझं जेवण 640 आणि ड्रिंक 1180 झालं होतं. त्यांनी जीएसटी सगळ्या 1820 वर लावला, 91 रुपये. व्हायला हवा होता 32. दाखवलं तर म्हणाले, 'सॉफ्टवेअरनंच धरलंय.' पुन्हा दाखवलं. मग 59 रुपयांच्या बदल्यात मसाला पापड आला. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक आहे, काढा म्हणायचं. पाण्याच्या बाटलीला मात्र छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून भांडू नका, 2017 साली सुप्रीम कोर्टानंच हॉटेलवाल्यांना ती मोकळीक दिलीय. साधं पाणी मागा. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन शहरात यायला आम्ही किती निवडणुका वाट बघितली माहितीय? ते पाणी प्यायचं सोडून बाटली कशाला?

बिलात कधी कधी परमिटचे 5 रुपये दिसतील, ती फसवणूक नाही. आपल्या राज्यात दारूबंदीचा 1949 चा कायदा अजून आहे आणि प्यायला परवाना लागतो, म्हणून तर पाटीवर 'परमिट रूम' असतं. वयाची अट बिअरला 21, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला 25.

आता जेवण. कोल्हापुरात बार टिकतो तो किचनवर. नुसतं प्यायला इथं कोण जातंय? पुण्याचे साहेब आधी ब्रँड विचारतात, आपला माणूस आत शिरताना मटण संपलं नाही ना ते विचारतो.

किचन कसं आहे ते तांबड्या रश्श्यावरून कळत नाही. तांबड्यात तिखट आणि तेलाचा तवंग एवढा असतो की त्याखाली काहीही लपतं. पांढरा मागवा, तोही सगळ्यात आधी, वाटीभर. पांढरा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजूचं वाटण, खडा मसाला, बस्स. लपवायला जागाच नाही. नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळी आली की तो फुटतो, वर तेल आणि खाली चोथा. दुपारचा रस्सा रात्री परत उकळला की हेच होतं. ते झाकायला काही जण कॉर्नफ्लोअर लावतात. मग तो चमच्याला चिकटतो आणि गार झाल्यावर वर साय धरल्यासारखा थर येतो. तसा दिसला तर अंडा बुर्जी-पाव खाऊन उठा. वाटी तोंडाला लावून पिता येईल इतका पातळ, आणि मागाहून घशाला मिरीचा हलका चटका देणारा पांढरा मिळाला तर त्या आचाऱ्याच्या हातचं सुक्कं डोळे झाकून मागवा. बुधवारी किंवा रविवारी जा, मटण ताजं असतं. आखाडात, त्यातही गटारीच्या आठवड्यात जाऊ नका. जागा मिळत नाही, आणि मिळाली तरी वेटर मिळत नाही.

चखण्याचं दुःख वेगळंच. पूर्वी बसल्या बसल्या खारे शेंगदाणे, फुटाणे, काकडी-बीटच्या चकत्या न मागता यायच्या. आता काकडीचंही बिल येतं. एक सांगतो, पिताना खर्डा खाऊ नका. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि व्हिस्की एकत्र पोटात गेल्यावर रात्री जे होतं त्याला 'जगात भारी' म्हणत नाहीत.

सर्व्हिसमध्ये एकच गोष्ट बघतो, वेटर तुम्हाला बसू देतो का. काही ठिकाणी ग्लासात बोटभर शिल्लक असतानाच ग्लास उचलायला हात येतो, 'रिपीट करू का?' असं दर पाच मिनिटांनी. तुम्हाला निवांत बसायचंय म्हणालात, तर असल्या ठिकाणी थांबू नका. आणि कुटुंबाला घेऊन जाणार असाल तर फॅमिली सेक्शन आधी बघून या. बहुतेक ठिकाणी तो जिन्याखाली किंवा किचनच्या दाराशी असतो. एकदा मी आणि बायको गेलो होतो. गाडी माझ्याकडं होती, ताराराणी चौकात नाकाबंदी असते, म्हणून मी फ्रेश लाइम घेतलं आणि तिनं माइल्ड बिअर. ऑर्डर तिनंच दिली, स्पष्ट. वेटरनं बिअर माझ्यासमोर ठेवली, लाइम तिच्यासमोर, आणि ग्लासात स्ट्रॉ घालून दिली. बायकोनं एक शब्द न बोलता दोन्ही ग्लास फिरवले. नंतर पूर्ण वेळ तो पोरगा आमच्या टेबलाकडं बघायचं टाळत होता.

याच्या उलट एक मामा आहेत. साठीच्या आसपासचे, लक्ष्मीपुरीच्या बाजूच्या एका जुन्या बारमध्ये. लिहून घेत नाहीत. तिसऱ्यांदा गेलात की बर्फ नको, पाणी कोमट, शेंगदाण्यात कांदा नको हे सगळं त्यांना पाठ. आमची हीसुद्धा तिथं बिनधास्त येते. 'वहिनींची माइल्ड ना?' म्हणतात आणि बाटली तिच्याच हातात देतात, गार आहे का बघायला. कुणाला जास्त होतंय असं दिसलं तर न सांगता पुढचा पेग उशिरा आणतात आणि मध्येच पांढऱ्याची वाटी ठेवून जातात. मालकाला परवडत नसणार, पण बोलत नाही. मामा गेले तर निम्मी टेबलं जातील.

सिलिंडरची गोष्ट सगळीकडं झाली होती, मामांच्या कानावर गेली. एकदा म्हणाले, 'आमचं कधी मोजणार?' पुढच्या वेळी मी खरंच घेऊन गेलो. एका लार्जची ऑर्डर दिली आणि सिलिंडर टेबलावर ठेवला. मामांनी मेजर आणलाच नाही. बाटली घेऊन आले, सील फोडलं, सरळ सिलिंडरमध्येच ओतायला सुरुवात केली. शेवटचे थेंब थेंब सोडले. मग वाकून, एक डोळा मिटून, डोळ्यासमोर लेव्हल धरून रेघ बघितली. आमच्या लॅबमधली नवी पोरं एवढ्या नीट रीडिंग घेत नाहीत. बरोबर 60.

'बसलं का मापात?' मी मान हलवली.

'मग ह्यातनंच पिणार, का गिलास आणू?'