शेजारी मोठी निवासी इमारत प्रस्तावित आहे, आम्हाला सुरक्षिततेची काळजी वाटते. काय विचारावं?

आधी खोदकामाबद्दल विचारा, रहदारीचं नंतर. बाजूची माती काढली की तुमच्या घराच्या पायाचा आडवा आधार कमी होतो. खड्ड्यातलं पाणी सतत उपसलं, तर आजूबाजूची जमीनही खचू शकते. म्हणून खड्डा किती खोल, तुमच्या भिंतीपासून किती लांब आणि मातीला आधार कसा देणार, हे लेखी मागा.

काम सुरू होण्याआधी घरातल्या प्रत्येक भेगेचा, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह फोटो काढा. हे खरंच टाळू नका. ‘भेग जुनीच होती’ असं कुणी म्हणालं तर हाच पुरावा.

आणि हो, बांधकाम चालू असताना अग्निशमन दलाची गाडी आत येईल का, तेही विचारा. या बांधकामाला हरकत असेल तर ती दिलेल्या मुदतीत द्या, मिळाल्याची पोच घ्या.