जुनी डिस्क दुकानदाराकडेच राहिली, आता काय?

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्यनगरात घरी शिकवण्या घेते. माझ्या आठ वर्षांच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम मदरबोर्डवर (मुख्य सर्किटवर पक्की जोडलेली) आणि ४ जीबी स्लॉटमध्ये (काढता-घालता येणारी) होती. दुकानात देऊन हार्ड डिस्क काढून तिच्या जागी ५१२ जीबीची नवी एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) बसवून घेतली आणि स्लॉटमध्ये ८ जीबीची रॅम टाकायला सांगितली. ६,२०० रुपये यूपीआयने दिले. बिलाऐवजी ‘एसएसडी + रॅम, ३ महिने’ एवढीच चिठ्ठी मिळाली. एकोणीस दिवसांत एसएसडी अधूनमधून दिसेनाशी होऊ लागली. भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये पाहिलं तर ती ११,००० तास चाललेली निघाली. रॅम १२ ऐवजी अजून ८ जीबीच दिसते. जुनी हार्ड डिस्क मागितली तर ‘भंगारात गेली’ म्हणतात. एवढ्याशा रकमेसाठी काही करता येईल का?

उत्तर : ताई, नक्की येईल. पण मला पैशांपेक्षा त्या जुन्या डिस्कची जास्त काळजी वाटते. तिच्यावर साठवलेले पासवर्ड आणि आधार-पॅनच्या प्रती असतील, तर आजच फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, आणि सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. ती डिस्क तुमचीच आहे. दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू काम झाल्यावर न मागता परत करायची, असं भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १६० सांगतं. मजुरी थकली असती तर दुकानदाराला वस्तू अडवता आली असती, पण तुम्ही पैसे दिलेले आहेत.

आता पुरावा. एकोणीस दिवस म्हणजे फार तर ४५६ तास, मग ११,००० कुठून आले? या आकड्याचा फोटो काढा, त्यात एसएसडीचा सीरियल नंबर दिसू द्या, आणि तो नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर तपासा. (तास कमी दिसले म्हणजे माल नवा असं मात्र नाही, आकडे पुसता येतात.) रॅम ‘नीट बसली नसेल’ असं ते म्हणतील. तसं असतं तर मदरबोर्डवरची ४ जीबीच दिसली असती. ८ दिसते, म्हणजे स्लॉटमध्ये ४ जीबीचीच आहे. सीपीयू-झेड या लॅपटॉपचे भाग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये एसपीडी या टॅबखाली तिची क्षमता दिसते, त्याचाही फोटो घ्या. यापुढे लॅपटॉप कुठेही उघडू देऊ नका, त्या दुकानात तर नाहीच. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि मध्ये कोणी हात लावला असेल तर तोच दुकानदाराचा बचाव होतो.

बिल नाही याची भीती नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. चिठ्ठी, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुरेसं आहे, ते पुसू नका. शिकवणी हा तुमचा स्वतःचा रोजगार आहे, म्हणून ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेपही टिकणार नाही.

स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि पोचपावती जपा. मागण्या तीनच ठेवा: ६,२०० रुपये परत, जुनी डिस्क, आणि झालेल्या त्रासाची माफक भरपाई. दोन लाख मागून खटला बळकट होत नाही. दरम्यान १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरेच दुकानदार तिथेच नमतात. नाही नमले तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे शपथपत्रासह जा. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तुम्ही राहता तिथल्याच, म्हणजे इंदूरच्या आयोगात तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार हिंदीत लिहा आणि मराठी संदेशांचं भाषांतर जोडा.

डिस्कवरचे फोटो किंवा कागद कुठे वापरले गेल्याचं दिसलं, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या.

मध्येच तडजोड झाली तर ‘माझी काही तक्रार नाही’ यावर सही करण्याआधी डिस्क ताब्यात घ्या, यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) लावून आपले फोल्डर उघडतात का ते पाहा, आणि सही त्यानंतरच करा.